बेटावरील घरांची ऊब : आमेलांडचा एक अभ्यास

भूगोलाच्या अभ्यासक्रमात 'ऊर्जासाधने' हे प्रकरण आपण सर्वजण शिकतो. कोळसा कोठे सापडतो, तेल कोठे सापडते, नैसर्गिक वायूचे साठे कोठे आहेत, हे नकाशात भरून दाखवतो आणि गुण मिळवतो. परंतु ते साधन एखाद्या घरात कसे शिरते, तेथे किती खोलवर रुजते, आणि उद्या ते सोडून द्यावयाचे झाल्यास त्या घरातील माणसांवर काय प्रसंग येतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. याच प्रश्नाचा अभ्यास करण्याच्या हेतूने मी नेदरलंड्समधील आमेलांड हे छोटे बेट निवडले. हे बेट मी पाहिलेले नाही. माझा सारा अभ्यास नकाशे, अहवाल आणि आकडेवारी यांवरच आधारलेला आहे. तरीही विषय असा आहे, की त्यातून आपल्यालाही घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे 'घर तापवणे' हा शब्दप्रयोगच मुळी अपरिचित आहे. थंडी वाढली की आपण गोधडी काढतो, शेकोटी करतो, फार तर पाणी तापवतो. नेदरलंड्समध्ये जानेवारीचे सरासरी तापमान तीन-चार अंश सेल्सियस असते आणि घर गरम ठेवण्याची गरज वर्षातले सहा-सात महिने असते. तेथे ऊब ही चैन नाही. ती पाण्याइतकीच निकडीची गोष्ट आहे. विशेषतः वृद्ध माणसांच्या आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत थंड व ओलसर घर म्हणजे आजारपणाला आमंत्रणच. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचनातील प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा आहे, हे विसरता येणार नाही.

१. गॅस घरात आला कसा?

१९५९ साली ग्रोनिंगेन प्रांतातील स्लोख्टेरेन या गावाजवळ नैसर्गिक वायूचा साठा सापडला. पुढे मोजमाप झाले तेव्हा तो सुमारे २,८०० अब्ज घनमीटर एवढा प्रचंड असल्याचे दिसून आले. १९६३ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याआधी डच घरांत कोळशाच्या शेगड्या असत, आणि शहरांतून कोळशापासून तयार केलेला गॅस नळाने मिळे. सरकारने देशभर वाहिन्यांचे जाळे विणण्याचा निर्णय घेतला. कामगार घरोघर गेले, जुनी बर्नर बदलली, नवी बसवली. एका दशकाच्या आतच देशातील बहुतेक सर्व नगरपालिका नैसर्गिक वायूच्या जाळ्यात आल्या. पुढे देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक घरे याच वायूवर तापू लागली.

हा बदल इतक्या झटपट का झाला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याची तीन कारणे मला दिसतात. पहिले, नवे इंधन जुन्यापेक्षा स्वच्छ आणि सोयीचे होते. राख उपसावी लागत नव्हती, कोळशाची पोती वाहावी लागत नव्हती. दुसरे, ते परवडणारे होते. आणि तिसरे म्हणजे बदलाची बहुतेक उठाठेव शासनाने व गॅस-संस्थांनी आपल्या अंगावर घेतली. गृहिणीला फक्त दार उघडावे लागले.

मात्र या यशाची किंमत कोणीतरी मोजली होतीच. दक्षिणेकडील लिम्बुर्ख प्रांतातील कोळशाच्या खाणी बंद करण्याचा निर्णय १९६५ च्या डिसेंबरात जाहीर झाला आणि १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण बंद पडली. हजारो खाणकामगारांचा पिढीजात व्यवसाय संपला. इंधन बदलते तेव्हा नकाशावरील एका भागाची भरभराट होते आणि दुसऱ्या भागाच्या वाट्याला उतरती कळा येते, हा धडा तेव्हाच शिकण्यासारखा होता.

२. गॅस नकोसा का झाला?

भूगर्भातून वायू काढून घेतला की खडकाच्या थरांतील दाब कमी होतो, थर दबतात आणि जुन्या भेगांवर ताण येतो. ग्रोनिंगेन परिसरात १९९१ पासून लहान लहान भूकंप नोंदले जाऊ लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगा या गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आपल्याला १९६७ चा कोयनेचा भूकंप ठाऊक असल्यामुळे ३.६ हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे धक्के जमिनीच्या पृष्ठभागापासून अवघ्या तीन किलोमीटर खोलीवर होत होते, जमीन मऊ होती आणि विटांची घरे भूकंपाचा विचार करून बांधलेलीच नव्हती. भिंतींना तडे गेले. नुकसानभरपाईचे अर्ज लाखाच्या वर गेले. कोयनेचा धक्का धरणाच्या जलाशयामुळे बसला असावा, असे अनेक भूवैज्ञानिकांचे मत आहे. निसर्गात माणसाने केलेल्या ढवळाढवळीचा हिशेब जमीनच मागते, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी समान आहे.

डच संसदेने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ वर्षांत या वायूपासून राज्याच्या तिजोरीत सुमारे ३६३ अब्ज युरो जमा झाले, आणि एवढे असूनही ग्रोनिंगेनच्या रहिवाशांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१८ मध्येच सरकारने हे क्षेत्र टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले होते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्पादन थांबले आणि एप्रिल २०२४ मध्ये कायद्याने ते कायमचे बंद झाले.

यात आणखी दोन कारणांची भर पडली. एक घनमीटर वायू जाळला की सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हवामानबदलाचा प्रश्न आलाच. शिवाय २०२२ साली युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर युरोपात गॅसचे भाव इतके भडकले, की २०२३ मध्ये डच सरकारला घरगुती ग्राहकांसाठी १,२०० घनमीटरपर्यंत प्रति घनमीटर १.४५ युरो अशी कमाल किंमत ठरवून द्यावी लागली. स्वस्त म्हणून स्वीकारलेले इंधन महाग झाले, आणि सुरक्षित म्हणून स्वीकारलेल्या इंधनाने घरे हलवली. २०१९ च्या हवामान-करारात डच सरकारने २०३० पर्यंत १५ लाख विद्यमान घरे व इमारती गॅसच्या आधारापासून दूर नेण्याचे, आणि २०५० पर्यंत सर्वच घरांबाबत हे साधण्याचे उद्दिष्ट ठेवले.

३. आमेलांड : भूमी आणि माणसे

आमेलांड हे वाडन समुद्रातील एक लांबट, वालुकामय बेट आहे. मुख्य भूमीवरील होल्वेर्ट येथून फेरीबोटीने तेथे जावे लागते. बेटावर होलुम, बालुम, नेस आणि बुरेन अशी चार गावे असून कायम वस्ती पावणेचार हजारांच्या आसपास आहे. उन्हाळ्यात मात्र पर्यटकांची रीघ लागते. सभोवतालचा वाडन समुद्र २००९ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे, त्यामुळे उंच पवनचक्क्यांना येथे जागा मिळणे अवघड.

या बेटाची कहाणी विशेष बोलकी आहे, कारण त्याच्या पोटातही वायू आहे. १९८६ पासून बेटाच्या पूर्व टोकाखालून वायू काढला जात आहे आणि त्यामुळे तेथील जमीन तीस सेंटिमीटरहून अधिक खचली आहे. म्हणजे वायू या लोकांच्या पायाखालून निघतो, तो त्यांच्या घरात जळतो, आणि समुद्राची पातळी वाढत असता त्यांचीच जमीन खाली जाते. अशा बेटाने गॅस सोडण्याच्या प्रयोगात पुढाकार घ्यावा, यात नवल नाही.

२००७ पासून स्थानिक नगरपालिका आणि काही ऊर्जा-संस्था यांनी मिळून तेथे निरनिराळे प्रयोग केले. २००७ च्या अखेरीपासून २०११ पर्यंत नेस येथील १४ घरांच्या गॅसमध्ये टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळून पाहण्यात आला. रोजच्या वापरातील शेगड्या व बॉयलर त्यावर चालले. बेटावरील रहिवाशांनी स्वतःची ऊर्जा सहकारी संस्था काढली. बालुमजवळील छोट्या विमानतळालगत सुमारे दहा हेक्टर जागेवर २३ हजार पट्ट्यांचे सहा मेगावॉटचे सौरउद्यान उभे राहिले. त्यात नगरपालिका, सहकारी संस्था आणि एक वीजकंपनी असे तीन भागीदार आहेत. शंभराहून अधिक घरांत 'संकरित' म्हणजे गॅस-बॉयलरच्या जोडीला बसणारे उष्णतापंप बसवण्यात आले. सहकारी चळवळीच्या प्रदेशात वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातली सहकाराची बाजू चटकन समजेल.

४. उष्णतापंप म्हणजे काय?

ज्याला फ्रीज ठाऊक आहे, त्याला उष्णतापंप समजण्यास अडचण नाही. फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून त्याची मागची बाजू गरम लागते. उष्णतापंप हेच काम उलट्या दिशेने करतो. तो बाहेरच्या थंड हवेतील किंवा जमिनीतील उष्णता उचलून घरात आणतो. पाच अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. फक्त ती खालच्या पातळीवर असते. पंप तिला वर चढवतो, जसे विहिरीतील पाणी आपण मोटेने वर काढतो. वीज खर्च होते ती उष्णता 'निर्माण' करण्यासाठी नव्हे, तर ती 'वाहून' आणण्यासाठी. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिट उष्णता मिळू शकते.

परंतु विहीर जितकी खोल, तितकी मोट ओढणे जड. घरातील पाणी ७०-८० अंशांपर्यंत तापवावयाचे असेल तर पंपाला फार कष्ट पडतात आणि त्याची कार्यक्षमता घसरते. ३५ ते ५० अंशांच्या पाण्यावर काम भागत असेल तर तो उत्तम चालतो. कोमट पाण्यावर घर उबदार राहावयाचे असेल, तर घरातील उष्णता भिंती, छप्पर, जमीन व खिडक्यांवाटे निसटता कामा नये. सबब पहिली पायरी पंपाची नव्हेच. ती घराच्या बांदबंदिस्तीची आहे. दुहेरी भिंतींमधील पोकळी भरणे, छपराला आतून अस्तर देणे, जमिनीखाली थर घालणे, खिडक्यांना दुहेरी काच बसवणे ही कामे आधी झाली पाहिजेत.

५. एका घराचा हिशेब

कल्पना करा, की बुरेन गावात एक निवृत्त जोडपे राहते. त्यांना वर्षाला १,२०० घनमीटर गॅस लागतो. (येथील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) एका घनमीटरात सुमारे ९.८ युनिट उष्णता असते. म्हणजे एकूण ११,७६० युनिट. बॉयलरची कार्यक्षमता नव्वद टक्के धरल्यास घराला प्रत्यक्षात सुमारे १०,६०० युनिट ऊब मिळते. आता हीच ऊब साडेतीन पट देणाऱ्या पंपाकडून घेतली, तर वीज लागेल सुमारे ३,००० युनिट. आणि आधी बांदबंदिस्ती करून ऊब निसटण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने कमी केले, तर काम साधारण २,००० युनिटांत भागेल.

हिशेब गोमटा दिसतो. परंतु त्याला तीन पुरवण्या जोडल्याखेरीज तो खरा होत नाही.

पहिली पुरवणी दराची. पंप साडेतीन पट देत असेल आणि बॉयलर नव्वद टक्के, तर विजेच्या एका युनिटाचा दर गॅसच्या एका युनिटाच्या सुमारे चौपटीच्या आत असेपर्यंत पंप फायद्याचा. घर गळके राहिले आणि पंप अडीच पटच देऊ लागला, तर ही मर्यादा पावणेतीन पटीवर उतरते. म्हणजे बांदबंदिस्तीत हयगय करणाऱ्याला वीजबिलाच्या रूपाने दंड भरावा लागतो. आणि हयगय ही बहुधा ऐपत नसल्यामुळे झालेली असते.

दुसरी पुरवणी ऋतूची. सहा मेगावॉटचे सौरउद्यान वर्षाला साधारण ५० ते ६० लाख युनिट वीज देऊ शकते. एक हजार घरांना प्रत्येकी ३,००० युनिट लागले तरी बेरीज ३० लाखांचीच होते, वीज उरते! पण डिसेंबरातील डच सूर्य जूनच्या एक-पंचमांशाहूनही कमी वीज देतो, आणि ऊब हवी असते ती नेमकी डिसेंबरात. वार्षिक बेरीज जुळली म्हणून थंडीतली रात्र भागत नाही. तेव्हा मुख्य भूमीकडून येणारी वीजवाहिनी हवीच, साठवणही हवी, आणि म्हणूनच आमेलांडने प्रारंभी संकरित पंपांचा मध्यम मार्ग धरला असावा. संकरित व्यवस्थेत बहुतेक दिवस पंप चालतो आणि कडाक्याच्या थंडीत जुना बॉयलर मदतीला येतो. गॅसचा वापर निम्म्याहून कमी होतो. शून्य मात्र होत नाही.

तिसरी पुरवणी भांडवलाची. पंप, अस्तर, काचा, मोठे रेडिएटर, गॅसऐवजी विजेची शेगडी आणि त्यासाठी प्रसंगी घराची वाढीव वीजजोडणी, हा सारा खर्च आज करावयाचा, आणि बचत मिळणार पुढील पंधरा-वीस वर्षांत थोडी थोडी. बेटावर त्यात भर म्हणजे प्रत्येक वस्तू व पुष्कळदा कारागीरही बोटीने आणावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याने हा सौदा का करावा? त्यांचा 'नको' हा अडाणीपणाचा नसून हिशेबी शहाणपणाचा असतो, हे धोरण आखणाऱ्यांनी आधी मान्य केले पाहिजे.

६. मदत म्हणजे नेमके काय?

माझ्या अभ्यासात मला जाणवले ते असे, की 'लोकांना मदत करणे' याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी 'अनुदान जाहीर करणे' एवढाच घेतला जातो. नेदरलंड्समध्ये उष्णतापंपाला व बांदबंदिस्तीला अनुदान आहे, तसेच ६० हजार युरोंपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरमालकांना राष्ट्रीय निधीतून बिनव्याजी कर्जाची सोयही करण्यात आली. या गोष्टी आवश्यक आहेत, पण पुरेशा नाहीत. पैशाखेरीज आणखी चार प्रकारची मदत लागते.

(अ) घरी येऊन पाहणारा माणूस. प्रत्येक घर निराळे. आमेलांडवर सतराव्या-अठराव्या शतकांत देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांनी बांधलेली जुनी विटांची घरे आजही उभी आहेत. ती संरक्षित असल्याने बाहेरून अस्तर लावून त्यांचे रूप बदलता येत नाही. अशा घराला जो उपाय चालेल, तो १९७० च्या दशकातील चाळवजा घराला चालणार नाही. नेदरलंड्समध्ये ऊर्जा-सल्लागार म्हणून काम करणारे स्वयंसेवक घरी येतात, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून बिले पाहतात, कोठून गार वारा येतो ते तपासतात. छापील पत्रकाने जे होत नाही, ते अशा तासाभराच्या बोलण्याने होते.

(आ) कामांचा क्रम. आधी फटी बुजवा, मग भिंती व छप्पर, मग काचा, आणि शेवटी यंत्र. एक साधी कसोटी फार उपयोगी आहे : थंडीच्या दिवसांत बॉयलरचे पाणी ५० अंशांवर लावून पाहावे. तरीही घर उबदार राहिले, तर ते घर पंपासाठी बऱ्याच अंशी तयार आहे. या परीक्षेला एक छदामही पडत नाही, आणि तिचा निकाल रहिवाशाला स्वतःच्या अंगावर कळतो.

(इ) एकत्रित खरेदी व दुरुस्तीची हमी. वीस शेजाऱ्यांनी मिळून काम काढले, तर कारागिराच्या वीस फेऱ्या वाचतात. खाऱ्या हवेत बाहेरचे यंत्र लवकर गंजते, म्हणून देखभालीची व्यवस्था बेटावरच हवी. गोबरगॅसची बंद पडलेली टाकी आपल्यापैकी अनेकांनी गावाकडे पाहिली असेल. अशी टाकी बांधण्यासाठी पैसा मिळालेला असतो. चालू ठेवण्यासाठी माणूस मिळालेला नसतो. उष्णतापंपाचेही याहून निराळे होण्याचे कारण नाही.

(ई) भाडेकरूचा विचार. घर मालकाचे आणि बिल भाडेकरूचे, अशी स्थिती असते तेथे मालकाला खर्च करण्यात स्वारस्य नसते आणि भाडेकरूला अधिकार नसतो. सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे हा याचाच दुसरा प्रकार. या पेचावर नियमांवाचून तोडगा निघत नाही.

७. साम्सोचा दुसरा मार्ग

तुलनेसाठी डेन्मार्कमधील साम्सो बेटाकडे पाहू. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आणि वस्ती आमेलांडच्याच आसपासची. तेथील बहुतेक घरे तेलावर तापत. १९९७ मध्ये डॅनिश सरकारने घेतलेल्या स्पर्धेत साम्सोची निवड झाली : दहा वर्षांत बेट नवीकरणीय ऊर्जेवर आणून दाखवावयाचे. बक्षिसाची रक्कम मात्र नव्हती!

साम्सोने घरोघरी यंत्र बसवण्याऐवजी गावासाठी एकच 'चूल' पेटवली. ट्रानेबियेर्ग येथे १९९३ पासूनच गव्हाच्या काडावर चालणारे उष्णता-केंद्र होते. पुढे ऑन्सबियेर्ग आणि बालेन-ब्रुन्दबी येथे काडावर चालणारी, व नॉर्दबी-मॉरूप येथे लाकडाच्या चुऱ्यावर व अडीच हजार चौरस मीटर सौर-तापकांवर चालणारी केंद्रे उभी राहिली. तेथे तापलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून घराघरांत फिरते. बेटाची सुमारे सत्तर टक्के ऊब अशा नवीकरणीय साधनांतून येऊ लागली. बालेन-ब्रुन्दबीचे केंद्र तर ग्राहकांच्याच मालकीचे आहे.

या कामात सोरेन हेर्मान्सन या स्थानिक शिक्षकाचा वाटा मोठा होता. २००८ साली 'टाइम' साप्ताहिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्यांच्या यादीत त्यांचा समावेश केला. त्यांची पद्धत साधी होती. गावच्या सभेत जाणे, लोकांच्या शंका ऐकणे, आणि नळकाम करणारे, लोहार, शेतकरी यांना या योजनेतून काम मिळेल हे पटवणे. शेतकऱ्याचे काड विकले गेले, नळकऱ्याला रोजगार मिळाला, आणि तेलापोटी बेटाबाहेर जाणारा पैसा बेटावर राहिला.

मग आमेलांडने साम्सोचेच अनुकरण का केले नाही? उत्तर भूगोलात आहे. साम्सो शेतीचे बेट. तेथे काड मुबलक. आमेलांडवर वाळूच्या टेकड्या, कुरणे आणि दुभती गुरे. एकाकडे तेलाचे सुटे सुटे बॉयलर होते, तर दुसऱ्याकडे आधीच प्रत्येक दारापर्यंत पोचलेली गॅसवाहिनी. जेथे चांगली चालणारी जुनी व्यवस्था असते, तेथे नवी व्यवस्था आणणे अधिक कठीण, असा एक नियमच यातून काढता येईल.

८. अखेरचा माणूस

या सर्व अभ्यासात मला सर्वांत गंभीर वाटला तो प्रश्न आता मांडते. गॅसवाहिनीच्या देखभालीचा खर्च घरांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. हजार घरांपैकी सहाशे घरे बाहेर पडली, तरी नळ तेवढेच लांब राहतात. मग उरलेल्या चारशे घरांच्या माथी तो सारा भार येणार. आधी बाहेर पडतील ते ऐपतदार, शिकलेले, स्वतःच्या घरात राहणारे. मागे राहतील ते वृद्ध, भाडेकरू आणि हातावर पोट असणारे. म्हणजे बदल जितका यशस्वी होईल, तितका तो मागे राहिलेल्यांना महाग पडेल. लिम्बुर्खचे खाणकामगार आणि ग्रोनिंगेनचे तडे गेलेल्या घरांतील रहिवासी यांच्यानंतर बळींची ही तिसरी पिढी तयार होऊ द्यावयाची काय, हा खरा प्रश्न आहे.

धोरणातील धरसोड या भीतीत भरच घालते. २०२६ पासून बॉयलर बदलताना किमान संकरित पंप बसवणे बंधनकारक करण्याची घोषणा डच सरकारने २०२२ मध्ये केली होती. २०२४ मध्ये नव्या आघाडीने ती मागे घेतली. ज्याने घाईने कर्ज काढून पंप बसवला तो मनात खट्टू झाला असेल, आणि जो थांबला होता त्याला थांबणेच शहाणपणाचे वाटले असेल. लोकांचा विश्वास हेही एक ऊर्जासाधनच आहे. तो एकदा खर्ची पडला की लवकर भरून येत नाही.

म्हणून माझ्या मते मदतीचा क्रम आज आहे त्याच्या उलट हवा. ज्याचे घर सर्वांत गळके आणि उत्पन्न सर्वांत तुटपुंजे, त्याच्याकडे सल्लागाराने प्रथम जावे. सार्वजनिक पैसा प्रथम तेथे खर्च व्हावा. आणि एकेका घराऐवजी एकेक गल्ली पुरी करावी, म्हणजे त्या गल्लीतील गॅसवाहिनी खरोखर बंद करता येईल. १९६० च्या दशकात कामगार दाराशी आले होते. तेव्हा जे इंधन देण्यासाठी करता आले, ते आज इंधन सोडवण्यासाठी करता येऊ नये, असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या देशात घर तापवण्याचा नसला, तरी इंधन बदलण्याचा प्रश्न चुलीपासून वीजकेंद्रापर्यंत सर्वत्र आहे. उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी ग्रामसेवक, कोणी पत्रकार. अशा एखाद्या योजनेचा कागद आपल्या हाती येईल तेव्हा आपण तीन प्रश्न जरूर विचारावेत : पहिला हप्ता कोण भरणार? बिघडले तर दुरुस्तीला कोण येणार? आणि सर्वांत शेवटी कोण उरणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेत आहेत, ती बेटावर काय किंवा डोंगरावर काय, तग धरील. ज्या योजनेत नाहीत, तिची यंत्रे कितीही उत्तम असली तरी ती फार काळ टिकणार नाही.